“सिस्टर, मन न लागता केलेली प्रार्थना देवाला पोहोचते का?”

रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना. तिच्यात येशू-मरियेच्या जीवनातली पाच ‘रहस्ये’, म्हणजे प्रसंग, आणि प्रत्येकाला दहा मण्यांवर दहा ‘नमो मरिया’ या प्रार्थना. ती सावकाश म्हटली तरी 18 ते 20 मिनिटांत होते. प्रार्थनेबद्दल विचारायला आलेल्या या बाईंना 50 मिनिटं लागत होती. कारण विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घालून सांगितलं: मधेच मन भलतीकडे गेलं की त्या रहस्याच्या पहिल्या मण्यावर परत यायचं आणि दहाच्या दहा नमो मरिया पुन्हा म्हणायच्या. कधी एकच रहस्य चार वेळा. रात्री आठच्या रोझरीला घरातले सगळे अल्तारासमोर बसतात आणि ती संपली की जेवायला उठतात. या मात्र आतल्या खोलीत जाऊन ‘नीट न झालेली’ रोझरी परत हातात घेत.

वय 47, वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं गाव, नवऱ्याची वाडी, स्वतःची अंधेरीला नोकरी, पहाटेची विरार लोकल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोझरीखेरीज बुधवारी नोव्हेना (ठरावीक हेतूसाठीची प्रार्थनामालिका), तीन संतांच्या प्रार्थनांच्या पुस्तिका आणि मोबाइलवर येणाऱ्या ‘अकरा जणांना पाठवा’ छापाच्या प्रार्थना. शिवाय वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा नेम केला होता. उत्पत्तीपासून सुरुवात झाली आणि लेवीय पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांत गाडी अडकली. त्याचाही अपराधीपणा होताच. शेवटी त्यांनी विचारलं, “सिस्टर, मन न लागता केलेली प्रार्थना देवाला पोहोचते का? का माझी श्रद्धाच संपली?”

अशा वेळी आधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. झोप कशी आहे, भूक लागते का, ज्यात पूर्वी आनंद वाटायचा त्यात आता वाटतो का, जगणं नको असं वाटतं का. दोन आठवड्यांहून अधिक काळ सगळंच काळवंडलं असेल तर तो प्रार्थनेतला कोरडेपणा नसून नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो, आणि उपचार घेण्यात श्रद्धेला काहीही कमीपणा नाही. या बाईंचं तसं नव्हतं. पुन्हापुन्हा मागे जाऊन म्हणणं मात्र लक्ष ठेवण्यासारखं होतं. अशी सवय ‘थांबवा’ म्हटल्यावर थोड्या अस्वस्थतेनंतर थांबते की भीती वाढतच जाते, हे पाहायचं. भीती वाढत असेल, हात धुणं, कुलूप पाहणं हेही वारंवार चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. सोबत कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) दर वेळी एकाच फादरांकडे जावं. पाच जणांना तोच प्रश्न विचारला की पाच उत्तरं मिळतात आणि शंका पाचपट होते.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पोहोचते. हा दिलासा देण्यासाठी काढलेला शब्द नाही, ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. 13 व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला आणि सांगितलं की देवासमोर बसण्याच्या मूळ इराद्यातूनच सगळ्या प्रार्थनेला मोल येतं, मग मधे मन आपसूक भरकटलं तरी. जाणूनबुजून मन सोडून देणं वेगळं. आज प्रचलित असलेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ याच्या पुढचं सांगतो: भरकटलेल्या विचारांच्या मागे धावून त्यांना हाकलत बसणं म्हणजे त्यांच्याच सापळ्यात अडकणं. अंतःकरणाकडे परत वळायचं, एवढंच पुरे. बाई त्या सापळ्यात रोज 30 मिनिटं अडकत होत्या.

पहिल्या आठवड्याचं काम म्हणून एकच गोष्ट सांगितली. मागे जायचं नाही. सहाव्या मण्यावर लक्षात आलं की पाण्याच्या बिलाचा विचार चाललाय, तर सातव्या मण्यावर जायचं. पहिल्या तीन दिवसांत छातीत धडधड झाली, पाचव्या दिवशी कमी झाली. पुस्तिका तिन्ही कपाटात. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बंधनकारक आहे. नोव्हेना आणि पुस्तिका या ऐच्छिक भक्ती आहेत, त्या सोडल्याने पाप लागत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. पुढे न पाठवल्यास संकट येईल असं धमकावणारे संदेश तर सरळ पुसून टाकावेत. ती प्रार्थना नाहीच, अंधश्रद्धा आहे.

जागा मोकळी झाल्यावरच पवित्र शास्त्र हातात दिलं. आधीच्या सगळ्यावर बायबलवाचनाची भर टाकली असती तर आणखी एक अपुरा नेम तयार झाला असता. अनेक भले सल्ले इथेच फसतात.

बायबल पहिल्या पानापासून वाचायला हरकत नाही, पण प्रार्थनेसाठी ती वाट लांबची आहे. ख्रिस्तसभेने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र बांधून दिलं आहे: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) व पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे). येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारीच उघडायचं आणि शनिवारपर्यंत तेच वाचायचं. रविवारी वेदीवरून तेच ऐकू येतं तेव्हा कान आधीच उघडलेले असतात. रोज नवा उतारा घेणाऱ्याला माहिती मिळते. एका उताऱ्यापाशी सहा दिवस बसणाऱ्याच्या आत तो उतरतो.

त्यांचं बायबल कुणीतरी भेट दिलेलं होतं, 66 पुस्तकांचं. शुभवर्तमानांसाठी ते चालतं. पण कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं आहेत, त्यामुळे मिस्सेतलं तोबीत किंवा बेनसिराचं वाचन त्यात शोधून सापडणार नाही, एवढं ठाऊक असावं.

वेळ ठरवताना पहिली चूक झाली. त्यांनी पहाटे 4:50 ला उठून बसायचं ठरवलं आणि तीन दिवस भिंतीला टेकून झोपी गेल्या. लिझ्यूची संत तेरेझा प्रार्थनेत झोपायची आणि म्हणायची, मूल झोपलेलं असलं तरी आईबापांना ते तितकंच प्रिय असतं. ते खरंच आहे, पण रोजच झोप येत असेल तर वेळ बदलावी. स्टेशनहून येणारी रिक्षा चर्चच्या फाटकावरून जाते. तिथेच उतरायचं, 20 मिनिटं बसायचं आणि पुढचं अंतर चालत जायचं, असं ठरलं. संध्याकाळी चर्चमध्ये फारसं कुणी नसतं. वेदीमागे साक्रामेंताच्या, म्हणजे पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळचा तांबडा दिवा जळत असतो. तो पाहून आपण कुणासमोर बसलो आहोत हे वेगळं आठवावं लागत नाही.

एका उताऱ्यापाशी बसून प्रार्थना करण्याची ही पद्धत जुनी आहे. 6 व्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांच्या दिवसात अशा वाचनासाठी तास राखून ठेवले. 12 व्या शतकात दुसरा गिगो या कार्थुझियन संघातल्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, निःशब्द सहवास. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये धर्मगुरूंपुरतं न ठेवता सगळ्याच श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी असं सांगितलं.

त्या आठवड्यात मार्कच्या 10 व्या अध्यायातल्या 46 ते 52 या ओळी होत्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय. बसल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त श्वास खाली येऊ द्यायचा, सावकाश क्रूसाची खूण करायची, पवित्र आत्म्याला ‘ये’ म्हणायचं. मग ओठ हलतील एवढ्या आवाजात एकदा वाचायचं. सात ओळींना जेमतेम दीड मिनिट लागतं. दुसऱ्यांदा वाचताना जिथे शब्द अडतो तिथे थांबायचं आणि पुढचं सोडून द्यायचं. तो शब्द पाच-सात मिनिटं घोळवायचा. जुने मठवासी याला रवंथ म्हणत, आणि गोठा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावं लागत नाही. गाय चरून झाल्यावर बसते आणि तोच घास पुन्हा तोंडात आणते. त्या वेळी ती नवा चारा मागत नाही.

पहिले दोन दिवस काहीच अडलं नाही. मंगळवारी त्यांनी तिथेच मोबाइलवर ‘बार्तीमय म्हणजे काय’ शोधलं, त्यातून यरीहोचा नकाशा, त्यातून ऑफिसचा मेसेज. तळटीपा आणि अर्थ जरूर पाहावेत, पण घरी, आधी किंवा नंतर. प्रार्थनेच्या वेळी मोबाइल बंद करून पिशवीत. गुरुवारी एक शब्द अडला: ‘थांबला’. गर्दी त्या आंधळ्याला गप्प बस म्हणत होती आणि येशू थांबला. पहाटेपासून धावणाऱ्या बाईंना त्याच शब्दाने धरलं. त्याआधी त्या 51 व्या ओळीतल्या प्रश्नावर जोर देऊन बसल्या होत्या, कारण ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ हा त्यांना महत्त्वाचा वाटला. आपण निवडलेला ‘चांगला’ शब्द आणि आपल्याला धरणारा शब्द यांत फरक असतो. तो धीर धरल्यावरच कळतो.

मनन झालं की बोलायचं. आणि इथे दुसरी अडचण निघाली, जी वसईतल्या बऱ्याच जणांची असते. घरी त्या कादोडी ही वसईकडची बोली बोलतात, भांडतात कादोडीत, लेकीला जवळ घेतात कादोडीत. देवाशी मात्र पुस्तकातल्या मराठीत. छापील प्रार्थना सोडून स्वतःचं काही बोलायचं म्हटल्यावर त्यांना वाक्यच सुचेना. त्यांना सांगितलं, ज्या बोलीत आईला हाक मारता त्याच बोलीत बोला. मिस्सा आणि रोझरीची भाषा सगळ्यांची आहे, ती तशीच राहू द्या. ही पाच मिनिटं मात्र तुमची आहेत. त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं की पहिल्याच दिवशी सासूबद्दलची एक जुनी तक्रार बाहेर पडली आणि आपण हे देवाला सांगितलं याची त्यांना भीती वाटली. स्तोत्रसंहिता अशा तक्रारींनी भरली आहे. 13 वं स्तोत्र ‘कुठवर, प्रभू?’ असंच सुरू होतं.

शेवटची तीन-चार मिनिटं काहीच करायचं नाही. शब्द नाही, मागणं नाही. लोकांना हे सगळ्यात जड जातं आणि ते इथे घाईने एखादी नमो मरिया म्हणू लागतात. मन हललं तर तो अडलेला शब्द एकदा मनात म्हणायचा आणि पुन्हा गप्प. पाण्याचं बिल परत आलंच तर त्याला हाकलायचं नाही, ‘प्रभू, हे बिल बघ’ म्हणून त्याच्यासमोर ठेवायचं. जो विचार रोज येतो तो आपला जीव कुठे गुंतला आहे ते दाखवतो. उठण्याआधी वहीत तीन ओळी: तारीख, शब्द, उद्या करायची एक छोटी गोष्ट. तीनपेक्षा जास्त नाही. वही वाढली की माणूस देवाशी बोलणं सोडून आपलंच प्रवचन लिहू लागतो. ‘थांबला’च्या खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘सासूबाई बोलताना भांडी घासायची थांबणार.’

तिसऱ्या आठवड्यात घरात ताप आला आणि चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी त्या भरपाई म्हणून तासभर बसल्या आणि थकून उठल्या. बुडालेलं भरून काढायचं नसतं. ज्या दिवशी बसू त्या दिवसाची 20 मिनिटं. कोरडं वाटतंय म्हणून लवकर उठायचंही नाही. संत इग्नेशियस सांगतात, अशा वेळी ठरल्यापेक्षा किंचित जास्तच बसावं. एखाद-दुसरं मिनिट पुरतं. आव्हिलाच्या संत तेरेझाने लिहून ठेवलं आहे की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे असायचं. हे वाचून दाखवलं तेव्हा त्या बाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. डोळ्यांत पाणी आलं तर प्रार्थना चांगली आणि नाही आलं तर वाया, हे माप टाकून द्यावं. वहीतली तिसरी ओळ घडली का, एवढं बघावं.

आणखी एक इशारा. अडचणीत बायबल कुठेही उघडून बोट ठेवायचं आणि तीच देवाची आज्ञा समजायची, हे बरेच जण करतात. नोकरी सोडू का, मुलीचं लग्न या घरात करू का, अशा निर्णयांसाठीसुद्धा. याने शास्त्राचा कौल लावण्याचा दगड होतो. निर्णय विचाराने, सल्ल्याने घ्यावा. वचन त्या विचाराला उजेड देतं.

मग रोझरी? ती सोडायला सांगितली नाही, कारण आठची रोझरी त्यांच्या एकटीची नव्हती, घराची होती. तिच्यात शास्त्र आणलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 च्या पत्रात प्रकाशाची रहस्ये (येशूच्या सेवाकार्यातले प्रसंग, गुरुवारी म्हणायचे) जोडली, आणि प्रत्येक रहस्य जाहीर केल्यावर शास्त्रातला छोटा उतारा वाचून क्षणभर शांत राहायलाही सुचवलं. बाईंनी फक्त गुरुवारपासून सुरुवात केली. एका रहस्याला दोन ओळी, मनात दहा आकडे होईपर्यंत शांतता, मग मणी. रोझरी चार मिनिटांनी लांबली. पहिल्या गुरुवारी मुलाने घड्याळ पाहिलं, तिसऱ्या गुरुवारी काना गावच्या लग्नाचा उतारा त्यानेच वाचला. नमो मरियेच्या मधोमध येणाऱ्या ‘येशू’ या नावावर किंचित रेंगाळायचं, हेही त्याच पत्रातलं. त्याने घाई आपोआप मोडते.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा मन अजून भरकटत होतं. मागे जाणं बंद झालं होतं. आठवड्यातून पाच दिवस चर्चमध्ये बसणं होत होतं. तीनपैकी एक पुस्तिका कपाटातून परत आली होती आणि ती ठेवायला हरकत नव्हती. नाताळआधीचा आगमनकाळ लागत होता, म्हणजे मार्कचं वर्ष संपून लूकचं सुरू होणार. पहिल्या रविवारचा उतारा, 21 वा अध्याय, सूर्यचंद्रातली चिन्हं आणि समुद्राची गर्जना वाचून त्या धास्तावल्या होत्या. सोमवार ते बुधवार 34 ते 36 एवढ्याच तीन ओळी घ्यायच्या, गुरुवारी मागच्या 25 ते 28 जोडायच्या असं ठरलं. बायबलातली फीत त्यांनी तिथेच, समोर बसून, मार्कमधून काढून लूकमध्ये ठेवली.