पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये ‘रचना वेगळी होती’ म्हणजे नेमकं काय?

वडिलांचं पित्ताशय दुर्बिणीने काढताना सर्जनने ‘रचना नीट कळत नाही’ म्हणून थोडा भाग आतच ठेवला, ही चूक तर नाही ना, असा तुमचा प्रश्न आहे. नोंदी न पाहता छातीठोक सांगता येणार नाही, पण अशा ठिकाणी थांबणं हे सहसा शहाणपणाचंच असतं.

पुस्तकातल्या चित्रात सिस्टिक नलिका (पित्ताशयातून निघणारी नळी) २ ते ४ सेंमी लांब असते आणि उजवीकडून मुख्य पित्तनलिकेला (यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी) मिळते. प्रत्यक्षात ती कधी इतकी आखूड असते की क्लिप (कापण्याआधी नलिका बंद करणारा चिमटा) लावायला जागा मिळत नाही. कधी मुख्य नलिकेला चिकटून बरीच खाली उतरते, तर कधी मागून वळसा घालून डावीकडे उघडते. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे यकृताच्या उजव्या मागच्या भागाची नलिकाच सिस्टिक नलिकेला येऊन मिळते. ती कापली गेली तर पित्त पोटात गळतं. उरलेलं यकृत नीट चालू असल्याने कावीळ दिसेलच असं नाही. त्यातच तुटलेल्या नलिकेचा मुख्य नलिकेशी संबंध उरलेला नसल्यामुळे ईआरसीपीतही (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत रंग सोडून करायची तपासणी) गळती दिसत नाही. धमनीचंही तसंच. यकृताची उजवी धमनी कधीकधी बाक घेऊन पित्ताशयाला खेटते. ‘सिस्टिक’ धमनी (पित्ताशयाला रक्त देणारी) नेहमीपेक्षा जाड दिसली की अनुभवी सर्जन क्लिप लावायचं थांबवतो.

हे सगळे प्रकार पाठ असूनही माणूस फसतो, कारण सूज आणि चरबीत काहीच उठून दिसत नाही. पित्ताशय चुकीच्या दिशेने ताणलं की मुख्य नलिका सिस्टिक नलिकेच्या रेषेत येते आणि तीच सिस्टिक वाटू लागते. पित्ताशयाची मान उजवीकडे, बाहेरच्या बाजूला ओढली की दोघींमधला कोन उघडतो. म्हणूनच सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला नियम ‘ओळखू आली’ या अंदाजावर नाही, प्रत्यक्ष दिसण्यावर उभा आहे: सिस्टिक नलिका, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, सिस्टिक नलिका आणि सिस्टिक धमनी. तिन्ही दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही.

तिन्ही दिसतच नसतील तर आणखी खोदत बसणं सगळ्यात धोक्याचं. पोट उघडलं म्हणजे चिकटलेली रचना आपोआप सुटते असंही नाही. मग पित्ताशय वरच्या अंगाला कापतात, खडे काढतात आणि मानेकडचा भाग तसाच ठेवतात. तो उघडा ठेवून शेजारी ड्रेन (साचलेलं पित्त बाहेर काढणारी नळी) टाकला तर सुरुवातीला पित्त गळण्याची शक्यता जास्त असते. ही गळती बहुधा आपोआप थांबते, नाहीतर ईआरसीपीने स्टेंट घालावा लागतो. टाके घालून बंद केला तर गळती कमी, पण त्या लहान पिशवीत पुढे पुन्हा खडे होऊ शकतात.

डिस्चार्ज कार्डावर भागवू नका, पूर्ण ऑपरेशन नोट मागून घ्या. उरलेला भाग उघडा ठेवला की शिवला, सगळे खडे निघाले का आणि बायोप्सीचा रिपोर्ट काय, एवढं सर्जनना जरूर विचारा. ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं किंवा ड्रेनमधून वाढतं पित्त, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. वर्षांनंतर तसंच दुखलं तर ‘पित्ताशय काढलंय’ एवढंच सांगू नका. थोडं शिल्लक आहे हेही सांगा, म्हणजे सोनोग्राफी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करणारा तिथे मुद्दाम बघेल.