बाबांचे २२ अल्बम, दादाचा तगादा, आणि आई काही बोलत नाही

प्रश्न:
माई, मी घोडबंदर रोडला राहते, वय ४६. बाबा जाऊन आठ महिने झाले. त्यांच्यामागे नौपाड्याच्या घरात पोस्टाच्या तिकिटांचे २२ अल्बम, दोन ट्रंका आणि बुटांचे कितीतरी खोके भरून सुटी तिकिटं आहेत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय आणि आई माझ्याकडे येणारे. माझा टूबीएचके आहे, नवरा म्हणतो ट्रंका ठेवायच्या कुठे. दादा नेरुळला असतो, तो म्हणतो विकून टाकू आणि दोघांत वाटून घेऊ. त्याच्या ओळखीतला एक डीलर फोटो बघून सगळ्याचे ४५ हजार देतो म्हणतोय, रोज व्हॉट्सअ‍ॅप करतो की लवकर सांगा, नंतर हा रेट मिळणार नाही. इंटरनेटवर बघितलं तर एकेका तिकिटाची किंमत लाखात दिसते. खरं सांगू, मला त्या अल्बमांचा राग पण येतो. सहावीत सहलीला पैसे नाहीत म्हणाले आणि त्याच आठवड्यात जीपीओतून, मुंबईच्या मोठ्या पोस्टातून, नवीन तिकिटं घेऊन आले, ते मी विसरलेले नाही. रविवार म्हणजे बाबा आणि चिमटा आणि भिंग. कंपनीत परदेशातून आलेली पाकिटं घरी आणायचे, आई ती परातीत भिजत घालायची. विकायचं म्हटलं की रडू येतं आणि ठेवायचं म्हटलं की चिडचिड होते. आई काही बोलत नाही, तुम्ही मुलं काय ते ठरवा म्हणते. काय करू?
– नौपाड्याची लेक

उत्तर:
अगं लेकी, तुला अगंतुगंच करते, चालेल ना. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी मी एकाच ठिकाणी अडकले, त्या परातीपाशी. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण बघ ना, तुझ्या पत्रात दादाचं मत आहे, नवऱ्याचं मत आहे, कोण कुठल्या डीलरचं मत आहे, आणि जिने वर्षानुवर्षं ती पाकिटं कोमट पाण्यात भिजवली, तिकिटं अलगद सोडवून वर्तमानपत्रावर पालथी वाळत घातली, तिचं मत मात्र कुठेच नाहीये. "तुम्ही मुलं ठरवा" हे काही मत नाही गं. नवरा गेल्यावर आठ महिन्यांत घरही सुटणार असलेली बाई असंच बोलते, कारण आता आपण कुणाला अडचण व्हायचं नाही एवढंच तिच्या डोक्यात असतं.

आणि हे फक्त भावनेचं नाहीये, कायद्याचं पण आहे. दादा म्हणतो दोघांत वाटून घेऊ. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको आणि मुलं यांचा सारखा वाटा असतो, म्हणजे आई, दादा आणि तू, तीन वाटे झाले (बाबांची आई हयात असती तर तिचाही धरावा लागला असता). त्यामुळे दोन हा आकडाच चुकलाय. दादा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, घर रिकामं करायची तारीख जवळ आली की माणसाला प्रत्येक वस्तू नुसती जागा अडवणारी दिसायला लागते. पण हे त्याला शांतपणे सांग, आणि आईच्या समोर सांग.

आता पैशाचं, कारण तेही तू विचारलंयस. इंटरनेटवर लाखात दिसतं ते लोकांनी मागितलेले भाव असतात, विकलं गेलेलं कितीला ते बघायचं असतं. कॅटलॉगमधली, म्हणजे तिकिटांच्या छापील भावसूचीतली, किंमत सुद्धा दुकानदार चांगल्या स्थितीतलं तिकीट विकेल ती, तो तुझ्याकडून घेताना त्याच्यापेक्षा बरंच कमी देतो, ते साहजिक आहे, त्याला पुढे विकायचंय. आणि बाबांच्या पिढीतल्या बहुतेक कलेक्शनमध्ये मोठा भाग असतो तो पाकिटातून मिळणारी परदेशी तिकिटं, हंगेरीची "मॅग्यार पोस्ता" छापलेली, पोलंड, रशिया, आखातातल्या छोट्या छोट्या अमिरातींची चकचकीत चित्रांची. त्यातली बरीचशी गोळा करणाऱ्यांना विकायलाच छापलेली, त्यामुळे दिसायला सुंदर पण हजारभर असली तरी पैसे फारसे येत नाहीत. आपल्याकडची गेल्या तीसचाळीस वर्षांतली कोरी तिकिटं पण बहुतेक छापील किमतीच्या आसपासच फिरतात. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस, तो धसका एकदा निघून गेला की बाकीचं सोपं होतं.

मग बघायचं काय? राजाराणीचा चेहरा असलेली तिकिटं, म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज, ही सगळी वेगळी काढ. संस्थानांची वेगळी, त्रावणकोर, हैदराबाद, जयपूर वगैरे. किंमत आण्यात असेल तर ते १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असेल तर १९५७ ते ६४ मधलं, एवढ्यावरून सुद्धा अर्धी वर्गवारी होते. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि "जय हिंद" असलेलं. आणि १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यातलं दहा रुपयांचं सापडलं तर हात लावू नको, चिमट्यानेच धर आणि जाणकाराला दाखव, पण लगेच उड्या मारू नको कारण त्याच्या नकला पण खूप आहेत. पाकिटावर तशीच चिकटलेली आणि शिक्का मारलेली जुनी तिकिटं असतील तर ती कृपा करून भिजवून काढू नका, कधी कधी सुट्या तिकिटापेक्षा पाकीट, शिक्का, पत्ता सगळं एकत्र असलेलंच जास्त मोलाचं असतं. आई हात शिवशिवले म्हणून परात काढेल, तिला थांबव.

डीलरचं सांगते. नुसते फोटो बघून २२ अल्बम आणि दोन ट्रंकांचा एकच आकडा सांगणारा आणि वर घाई करणारा माणूस, त्याच्याशी व्यवहार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा कमी आहे की जास्त ते मला इथे बसून कळणार नाही आणि त्यालाही कळलेलं नाही, पण घाई कुणाच्या फायद्याची असते ते तुला कळतंय. जो विकत घेणारे त्याच्याकडूनच किंमत काढून घ्यायची नाही. दोनतीन वेगवेगळ्या लोकांना दाखव, आणि "घरी नेऊन बघतो" म्हटलं तर नाही म्हण, तुझ्यासमोर बघू दे. अजून एक, काही लोक अल्बममधली मलई काढून घेतात, दहाबारा चांगली तिकिटं नेतात आणि बाकीचा गाडा आपल्या गळ्यात राहतो, मग तो कुणीच घेत नाही. म्हणून आधीच ठरवा, द्यायचा तर अख्खा अल्बम. चांगली माणसं शोधायची तर मुंबई जीपीओत फिलाटेलिक ब्युरो आहे, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा पोस्टाचा विभाग, ते विकत घेत नाहीत पण तिथे येणारे जुने संग्राहक भेटतात, आणि महापेक्स सारखं राज्य पातळीचं प्रदर्शन असलं की एकाच छताखाली अनेकांना दाखवता येतं. जीपीओ सापडायला सोपं, सीएसएमटीला उतरलीस की समोरच त्याचा तो मोठा घुमट, विजापूरच्या गोल घुमटासारखा. आईला घेऊन जा, बाबा जिथून तिकिटं आणायचे ते तिने कधी बघितलंय का विचार.

तोपर्यंत सांभाळायचं कसं ते ऐक, कारण यात माझा स्वतःचा घाव आहे. माझ्या सासऱ्यांचे सहा अल्बम होते, आम्ही तेव्हा कळव्याला तळमजल्यावर राहायचो, आणि मी ते पलंगाखाली ट्रंकेत ठेवले होते कारण माझ्याही घरात जागा नव्हती. २६ जुलै २००५. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा सगळी पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. सासरे एक शब्द बोलले नाहीत मला. पैशाने त्यात काही नसेल, पण त्यांनी वीस वर्षं ज्याला जपलं ते मी जमिनीवर ठेवलं हे मी अजून विसरू शकत नाही. त्यामुळे तुझ्या ट्रंका आजच जमिनीवरून उचल. अल्बम आडवे एकावर एक रचू नको, वजनाने कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला धरतो, पुस्तकांसारखे उभे ठेव. आपल्या इथली दमट हवा त्यांची शत्रू, तपकिरी डाग पडतात आणि ते पसरतात, तर डागाळलेली पानं वेगळी ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर नकोच. सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल, काहीही लावायचं नाही. आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढ, अल्बमला नंबर दे. दोन रविवार जातील फार तर. मग कुणी काही म्हणालं तरी तुझ्याकडे नोंद आहे.

हे फोटोंचं काम एकटीने करायचं नाही. आईला शेजारी बसव. तू पान उलट, ती बोलेल. मला खात्री आहे ती बोलेल, कारण हातांना आठवतं गं. हे जर्मनीचं कुठल्या साहेबाच्या पाकिटावरचं, हे मी फाडलं म्हणून तुझे बाबा दोन दिवस बोलले नाहीत, असलं काहीतरी. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. काही तिकिटं अशी निघतील की बाजारात त्यांना फारसं कोणी विचारत नाही पण आपल्या घरातून जाऊ देऊ नयेत. १९५३ चं रेल्वेच्या शंभर वर्षांचं दोन आण्यांचं तिकीट शोध, ती पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली होती ना. महर्षी कर्व्यांचं १९५८ चं शोध, त्यांची शंभरी झाली तेव्हा ते हयात असतानाच निघालेलं. १९७१ च्या बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, ते "रिफ्युजी रिलीफ" छापलेलं पण नक्की असेल, आईला तो काळ आठवत असेल. यातला एकच अल्बम करा, आईने निवडलेला. एक अल्बम टूबीएचकेत मावतो, नवऱ्याला माझं नाव सांग.

बाकी २१ चं काय करायचं ते मग तिघांनी ठरवा, विका, थोडे विका, थोडे द्या, मला काहीही चालेल. तुमच्या आईला विचारून विकलेल्या तिकिटांचं पाप कुणाला लागत नाही. दादाची मुलगी किंवा मुलगा सहावी ते नववीत असेल तर एक सांगते, पोस्टाची दीनदयाल स्पर्श म्हणून स्कॉलरशिप आहे, तिकिटांचा छंद असलेल्या शाळकरी मुलांसाठी, वर्षाला ६००० रुपये. प्रश्नमंजुषा आणि प्रोजेक्ट असतो, शाळेच्या फिलाटेली क्लबचं (तिकिटं जमवणाऱ्या मुलांचा गट) सदस्य असायला लागतं आणि क्लब नसेल तर पोस्टात स्वतःचं फिलाटेली डिपॉझिट अकाऊंट. सुटी तिकिटं असलेले खोके अशा मुलाला मिळाले तर ते मनापासून उलटसुलट करेल. पण त्याला आवड असेल तरच हं, लादायचं नाही. शाळेला किंवा लायब्ररीला द्यायचं मनात असेल तर आधी जाऊन विचारा की हवंय का आणि ठेवणार कुठे, नाहीतर तिकडच्या माळ्यावर जाऊन पडेल.

आता सहलीचं. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात खोल आहे. तुझ्या बाबांनी त्या दिवशी चुकीचं केलं. ते गेले म्हणून ते बरोबर होत नाही आणि तुला रडू येतं म्हणूनही होत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने सगळा वर्ग सहलीला जाताना घरी बसायचं आणि समोर नवीन तिकिटं बघायची, हे लागणारच. तुझी चिडचिड ट्रंकांवर नाहीये, ती त्या रविवारांवर आहे जे तुला मिळाले नाहीत, आणि म्हणूनच मला भीती वाटते की रागाच्या भरात तू ४५ हजाराला हो म्हणशील आणि मग तो राग ठेवायला सुद्धा समोर काही उरणार नाही. अल्बम बघताना सहावीच्या वर्षाची तिकिटं येतील. तेव्हा आईला सांग हे. तिला आठवत असेल किंवा नसेल, कदाचित तेव्हा घरात काय चाललं होतं ते तुला पहिल्यांदा कळेल, कदाचित ती म्हणेल हो, चुकलंच त्यांचं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी तू ते एकटीने धरून राहणार नाहीस.

डीलरला आज रात्रीच लिही: "तुमचा निरोप मिळाला. आईशी बोलल्याशिवाय काही ठरणार नाही. आम्हीच कळवू." एवढंच. दादाला त्याचा स्क्रीनशॉट पाठव आणि रविवारी सकाळी नौपाड्याला बोलव, येताना चहाबरोबर काहीतरी गरम आणायला सांग, आईला तेवढंच काम कमी.

– माई