मीटर बदलल्यावर काटे भलतंच दाखवतात: आधी अर्थिंग बघा, मीटर उघडू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकचं फक्त दिव्यांचं मीटर काढून त्याच मॉडेलचं काट्यांचं, ०–९० ओहम जातीचं (म्हणजे सेन्सरचा रेझिस्टन्स ० ते ९० ओहम धरणारं) मीटर बसवलं. कपलर (वायरिंगचा जोड) जसाच्या तसा बसला. आता चावी फिरवली की इंधनाचा काटा ‘फुल’च्याही पुढे जातो आणि टाकीतलं फ्लोट युनिट (इंधनाची पातळी मोजणारा सेन्सर) नवं टाकूनही फरक नाही. तापमानाचा काटा हलत नाही. ऑइल प्रेशरचा काटा इंजिन सुरू होताच टोकाला जाऊन बसतो. हेडलाइट लावला की सगळेच काटे सरकतात. चार्जिंगचा दिवा लागत नाही आणि थोडं रेस केल्याशिवाय बॅटरी चार्ज होत नाही.

या सगळ्यात मीटर खराब असण्याची शक्यता मला सर्वांत कमी वाटते. कपलर बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं नसतं. या फसव्या कपलरपायीच लोक चांगली मीटरं भंगारात काढतात.

सुरुवात हेडलाइटपासून करा. दिवे लावल्यावर काटे सरकतात म्हणजे मीटरचा अर्थ (अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी परतीची जोडणी) कच्चा आहे. दिव्यांच्या करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो गेजच्या (काट्याच्या यंत्रणेच्या) कॉइलमधून आणि दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा असेल तर स्क्रूमधून अर्थ मिळत नाही, तो फक्त कपलरच्या पिनमधून येतो. चावी आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. लाल टोक मीटरच्या अर्थ पिनवर आणि काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ किंवा जास्त दिसलं तर अर्थ पिनपासून बॉडीच्या खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यापर्यंत १.५ चौरस मिमीची वेगळी वायर रिंग टर्मिनल लावून घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं एकही रीडिंग खरं मानू नका.

सप्लाय तपासताना नुसता मल्टिमीटर पुरत नाही. तारेची एकच काडी शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प (वायरी लावलेला छोटा बल्ब) लावून, म्हणजे थोडा लोड देऊन बघा. काही जुन्या ट्रकमध्ये मीटरमागे छोटा रेग्युलेटर असतो. तो सप्लाय चालू-बंद करत गेजला सरासरी पाचेक व्होल्ट देतो, म्हणून तिथे टेस्ट लॅम्प लुकलुकतो आणि डिजिटल मल्टिमीटरचे आकडे नाचतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही. त्या रेग्युलेटरचा अर्थ सुटला तर मात्र सगळे काटे एकदम वर जातात. अशा गेजला थेट १२ व्होल्ट देऊन ‘चालतो का बघू’ केलं की गेज जळतो.

आता ऑइल आणि तापमान. तुमची लक्षणं वाचून मला जवळपास खात्री आहे की इंजिनवर अजून दिव्यांचेच स्विच आहेत. दिव्याचा ऑइल स्विच फक्त दोनच गोष्टी करतो: प्रेशर नसताना वायर अर्थ करतो आणि प्रेशर आलं की तोडतो. ०–९० जातीच्या गेजला अर्थ म्हणजे शून्य आणि तुटलेली वायर म्हणजे टोक. म्हणून इंजिन बंद असताना काटा शून्यावर आणि सुरू होताच टोकाला. तापमानाचा स्विच याच्या उलट वागतो. इंजिन अति तापेपर्यंत तो उघडाच राहतो, त्यामुळे काटा थंडवर बसून राहतो आणि हलेल तेव्हा उशीर झालेला असेल. दोन्ही ठिकाणी गेजचे सेन्सर लागतील. जुने स्विच ठेवून काम भागणार नाही.

तापमानाचा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर काढून थंड इंजिनवर एकदा आणि गरम इंजिनवर एकदा मोजा. आकडा ठळकपणे उतरला पाहिजे. सेन्सर त्याच मीटरसाठीचा घ्या, कारण आटे सारखे असूनही आतली जात वेगळी असू शकते. एका वायरचे हे सेन्सर आट्यांमधूनच अर्थ घेतात, तेव्हा टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळू नका. इंजिन थंड असतानाच सेन्सर बदला आणि नंतर कूलंट भरून घ्या.

ऑइलचा सेन्सर डब्यासारखा मोठा आणि जड असतो. टी (तीन तोंडांचा जोड) लावून स्विच आणि सेन्सर दोन्ही ठेवायचे असतील तर लांब पितळी निपलवर (आट्यांच्या नळीवर) हा डबा लटकवू नका. इंजिनच्या कंपनांनी निपल तुटतो आणि ऑइल बाहेर येतं. लवचीक होजने बाजूला नेऊन क्लॅम्पमध्ये पकडा. मात्र रबरी होजमधून अर्थ जात नाही, त्यामुळे सेन्सरच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या. काही इंजिनांत इलेक्ट्रिक फ्युएल पंपाचा सप्लायही ऑइल स्विचमधून जातो. तुमच्या स्विचला एकापेक्षा जास्त टर्मिनल असतील तर आधी वायरिंग डायग्राम बघा.

इंधनाच्या काट्यावर तुम्ही युनिट बदलून घाई केलीत असं मला वाटतं. आधी गेज सिद्ध करायला हवा होता. चावी बंद करून टाकीजवळचा कपलर सोडवा. टाकीचं तोंड उघडं नको, आसपास पेट्रोलचा वास नको. मीटरकडून येणारी वायर मोकळी ठेवून चावी चालू केली तर काटा फुलच्या पुढे जाईल. तीच वायर चेसिसला अर्थ केली तर तो रिकाम्याच्या खाली येईल. वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ४७ ओहमचा, किमान २ वॉटचा रेझिस्टर धरला तर अर्ध्याच्या आसपास थांबेल. हे तिन्ही जमलं तर गेज आणि वायर दोन्ही निर्दोष. प्रत्येक जोडणी चावी बंद करूनच करा. अर्थ करूनही काटा टोकालाच राहिला तर वायर मधे तुटलीय किंवा भलत्याच पिनला गेलीय.

मग युनिटचा रेझिस्टन्स मोजा. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो (साधारण ०.२ ते ०.५ ओहम) तो वजा करा. युनिटची जात अशी ओळखा, रिकामी ते भरलेली टाकी या क्रमाने, ओहममध्ये: ०–९० जनरल मोटर्सची, ७३–१० जुन्या फोर्डची, १६–१५८ नंतरच्या फोर्डची, १०–१८० व्हीडीओ (VDO) कंपनीची आणि २४०–३३ ही बाजारात सर्रास मिळणारी ‘युनिव्हर्सल’. तुमचं नवं युनिट मला या शेवटच्या जातीचं वाटतंय. अर्ध्या टाकीला ते शंभर ओहमच्या वर जातं, म्हणून काटा फुलच्या पुढे. उलट टाकी काठोकाठ भरली की ३३ ओहम होतात आणि काटा एक तृतीयांशावर येतो. मधे रेझिस्टर घालून ही जात बदलत नाही, कारण दिशाच उलटी आहे. युनिट बदलणं हाच उपाय.

टाकीचा अर्थही बघा. युनिटच्या सिग्नल टर्मिनलचा रेझिस्टन्स एकदा त्याच्या फ्लँजपर्यंत (टाकीवर बसणाऱ्या चकतीपर्यंत) आणि एकदा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. फरक एक-दोन ओहमपेक्षा जास्त असेल तर फ्लँजवरून चेसिसला वायर टाका, कारण टाकी रबरी पट्ट्यांवर आणि रंगावर बसलेली असते. ०–९० जातीत अर्थमध्ये १० ओहम अडकले तर रिकाम्या टाकीला काटा सुमारे एक नवमांश इंधन दाखवतो आणि गाडी रस्त्यात थांबते.

चार्जिंगचा दिवा हा नुसता दिवा नाही. आल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो. नव्या मीटरमध्ये व्होल्टमीटर आहे आणि दिव्याची जागा रिकामी आहे, म्हणून रेस केल्यावरच आल्टरनेटर जागा होतो. इग्निशनचा फ्यूज असलेला सप्लाय आणि आल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलची वायर यांच्यामध्ये ५० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर टाका. १२ व्होल्टवर त्यात जेमतेम ३ वॉट जातात. तो गरम होतो, प्लॅस्टिकला टेकवू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

एवढं करूनही एखादा गेज मेलेलाच राहिला, तर मग मीटर बाहेर काढा. मागच्या लवचीक पट्टीवरचा तांब्याचा पट्टा वाकवलेल्या जागी तडकतो आणि गेजच्या स्टडवरचे नट ढिले होतात. पट्टा खोडरबराने पुसा, पॉलिश पेपर नको. नट हलक्या हाताने आवळा, जोर दिला की गेजचा स्टडच फिरतो आणि आतली कॉइलची तार तुटते.