वर्ष संपतंय, कामं संपत नाहीत

प्रश्न : ताई, डिसेंबर आला की छातीत धडधडायला लागतं. क्लोजिंग, रिपोर्ट, अप्रेझलचे फॉर्म, सगळं एकदमच अंगावर येतं. काल रात्री अडीचला उठून मोबाईलवर मेल टाइप करत बसले, सकाळी बघते तर तो ड्राफ्टमध्येच पडलेला. काय करू?

उत्तर : अगं, खरी गोम त्या अडीचच्या जागरणातच आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, आणि पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं की ते काम लगेच संपवायलाच हवं असं नाही, कधी आणि कसं करणार हे नक्की ठरवलं तरी डोक्यातली भुणभुण कमी होते. म्हणून ऑफिसातून निघायच्या आधी दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बस. 'रिपोर्ट करायचाय' असं मोघम नको लिहूस, 'उद्या दहाला शीट उघडून नोव्हेंबरचे आकडे भरायचे' असं लिही, आणि रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव.

तरी कामं मावणार नाहीतच, ती एकटीने ओढू नकोस गं. यादी घेऊन सरळ साहेबांकडे जा आणि विचार, 'यातली कुठली दोन जानेवारीत गेली तर चालतील?' नुसतं 'जमत नाही' म्हणण्यापेक्षा हे त्यांनाही सोपं जातं.

आणि धडधड सुट्टीच्या दिवशीही थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवच, तेवढं जानेवारीवर ढकलू नकोस.