लॅपटॉपची बॅटरी काढून ठेवताय? फुल चार्ज करून ठेवू नका

लॅपटॉप बरेच महिने वापरायचा नसेल, तर सगळ्यात आधी बॅटरी १००% करून ठेवायचं डोक्यातून काढून टाक. लिथियम आयन बॅटरीला दोनच गोष्टी जास्त मारतात, फुल चार्ज आणि उष्णता, आणि दोन्ही एकत्र आले की मग बघायलाच नको. साधारण २५ डिग्रीला ४०% वर ठेवलेली बॅटरी वर्षभरात जेमतेम ४% कपॅसिटी घालवते, तीच फुल चार्ज करून ४० डिग्रीत ठेवली तर ३५% च्या आसपास जाते. म्हणजे पत्र्याखालचा माळा, टीव्हीमागचा कप्पा वगैरे बाद.

५०% च्या आसपास आणायची, लॅपटॉप नीट शटडाऊन करायचा (स्लीप नाही हं, त्यात हळूहळू उतरतच राहते), बॅटरी निघणारी असेल तर काढून कोरड्या कपाटात, कनेक्टरला चाव्या-नाणी लागणार नाहीत अशी. बॅटरी आतच असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारी सेटिंग्ज) बघ, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये डिसेबल बिल्ट-इन बॅटरी (आतली बॅटरी बंद करायचा) असा ऑप्शन असतो, तो भारी आहे, नंतर चार्जर लावला की बॅटरी परत चालू होते.

फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारे भेटतील, नको त्या भानगडीत पडू, बाहेर काढल्यावर दव धरतं.

दोन-तीन महिन्यांनी चार्ज बघत जा, २०-३०% वर आली असेल तर परत ५०% कर. पार शून्यावर जाऊन पडून राहिली तर आतलं सर्किट चार्जच घेऊ देत नाही. आणि फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला वाटला, तर दाबून बसवू नकोस, सरळ ई-वेस्टला दे.