क्रांतीच्या काळात नौदल अधिकाऱ्याच्या नोकरीचं काय होतं?

एकच उदाहरण देतो: रशियाचा अलेक्सेई श्चास्तनी.

हा झारच्या नौदलातला अधिकारी, रशिया-जपान युद्ध पाहिलेला. 1917 च्या क्रांतीनंतर त्याचे कित्येक सहकारी पळाले, काहींना तर स्वतःच्याच खलाशांनी मारलं. हा मात्र बाल्टिक आरमारात टिकून राहिला. मार्च 1918 मध्ये जर्मनीशी तह झाला. त्यानुसार फिनलंडमधल्या बंदरांतून रशियन जहाजं हलवणं भाग होतं, आणि समुद्र गोठलेला! ही मोहीम श्चास्तनीने चालवली. आधी ‘येरमाक’ हे बर्फफोडं जहाज वाट काढायचं, मागून युद्धनौका रांगेने. फोडलेली वाट पुन्हा गोठली, की सगळे अडकून बसायचे. तरीही मेच्या सुरुवातीपर्यंत दोनशेच्या वर जहाजं क्रोनश्टाट या रशियन नौदल तळावर पोचली. त्या काळात हे म्हणजे अचाटच.

बक्षीस काय मिळालं? मे महिन्यात त्याला मॉस्कोला बोलावून नव्या सरकारचा युद्धमंत्री ट्रॉट्स्की याच्या कचेरीतच अटक झाली. खटल्यात साक्षीदार एकच, खुद्द ट्रॉट्स्की. आरोप सरकार उलथवण्याच्या तयारीचा. खरं दुखणं माझ्या मते वेगळं होतं: खलाशी त्याचं ऐकत होते, आणि नव्या सरकारला तेच खुपलं.

गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की फाशीची शिक्षा सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनीच रद्द केली होती. त्यावर सरकारी वकील क्रिलेंकोचा युक्तिवाद असा, की ही मृत्युदंडाची शिक्षा नव्हेच, फक्त गोळी घालायची आहे! 22 जून 1918 ला ती घातली. निर्दोषत्व मान्य झालं ते थेट 1995 मध्ये.