पहिल्यांदाच इंजिनच्या पिस्टनचं आणि कनेक्टिंग रॉडचं वजन जुळवताय?

चार सिलेंडरचं इंजिन निवडलंत, चांगलं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान २ किलो पेलणारा घ्या. सराफ बाजारातल्या छोट्या काट्यावर अख्खा रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी जोडणारा) बसणार नाही. वजनाआधी तेल, कार्बन पुसा आणि बेअरिंग काढा. प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर (मोठ्या टोकाचा सुटा होणारा अर्धा भाग) नंबर टाका. कॅपची अदलाबदल झाली तर वजन जुळूनही काम वाया.

पिस्टन सोपे. सगळ्यात हलका शोधा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत उतरवा. माल आतून, पिनच्या बॉसखालून (रॉड जोडणारी पिन जिथे बसते तो जाड भाग) काढा. माथा आणि स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) यांना हात लावायचा नाही. आधी पिनांची अदलाबदल करून बघा, पुष्कळदा घासायचं काम निम्मं होतं.

खरी गोम रॉडमध्ये आहे. नवखे लोक एकूण वजन जुळवून मोकळे होतात. पण मोठं टोक क्रँकसोबत फिरतं, छोटं पिस्टनसोबत वरखाली होतं, म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी जुळली पाहिजेत. एक टोक काट्यावर, दुसरं टांगलेलं, रॉड आडवा आणि समतल. तोच रॉड तीनदा ठेवा. आकडा दरवेळी बदलत असेल तर चूक तुमच्या जिगची (रॉड टांगायच्या मांडणीची) आहे, रॉडची नाही. घासायचं ते टोकांवरच्या जादा मालातून, मधल्या दांड्यावर आडवा ओरखडा नको, तिथूनच तडा जातो.

रोजच्या गाडीला १ ग्रॅमच्या आत आलात की थांबा. क्रँकचं बॅलन्सिंग मात्र नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या एखाद्या मशीन शॉपवर सोपवा.